एकशे चारवर ठरलेला सौदा

दत्तूभाऊंना फसवलं बबलूशेठनं आणि बोलणी खाल्ली मी. बबलूशेठचं गाड्यांच्या अॅक्सेसरीजचं दुकान आहे, माझं सिन्नर रोडला गॅरेज. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे शंका नको.

गुरुवारी दुपारी दत्तूभाऊंची जीप माझ्या दारात उभी राहिली. इंजिन चालू, गाणं चालू. दत्तूभाऊ सिन्नरकडचे. झेंडू-शेवंती पिकवतात, नाशिकला आणून स्वतः विकतात. ही जुनी जीप त्यांनी वरातीसाठी मॉडिफाय करून घेतली आहे. टप नाही, मागे नवरदेवाला बसायला लाल खुर्ची, चार मोठे स्पीकर आणि ते वाजवणारा डब्याएवढा अॅम्प्लिफायर. आत नवीन पद्धतीचं डिझेल इंजिन, ते चार महिन्यांपूर्वी मी बसवलेलं. रविवारी दत्तूभाऊंच्या मुलीचं लग्न होतं आणि नवरदेव याच जीपमधून येणार होता.

"मिस्तरी, तुमचं इंजिन गेलं," ते गाण्याच्या वर ओरडले.

"कोण म्हणतं?"

"बबलूशेठ. आन् त्याचं मीटर."

डॅशबोर्डवर नवीन डिजिटल मीटर होतं, लाल आकड्यांचं. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं औषधी पाणी. ते किती तापलंय हे मीटर दाखवतं. आकडा होता एकशे अठरा. एवढं तापलेलं इंजिन वरातीत निम्म्या वाटेत बसतं. बबलूशेठनं मीटर बसवलं, आकडा पाहिला आणि सांगितलं, मिस्तरीला हेड खोलायला लावा. हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग. मी बसवलेलं इंजिन चार महिन्यांत मीच खोलताना सिन्नर रोडनं पाहिलं असतं, तर माझ्याकडे कोणी पंक्चर काढायलाही आलं नसतं.

मी स्कॅनर लावला. इंजिनाच्या कॉम्प्युटरला विचारणारं यंत्र. कॉम्प्युटरचा सेन्सर वेगळा, मीटरचा वेगळा, पण पाणी एकच. स्कॅनर म्हणाला नव्वद. नव्वद म्हणजे तब्येत उत्तम.

"तुमचं यंत्र तुमचीच बाजू घेणार," दत्तूभाऊ म्हणाले.

जीप रात्रभर ठेवून घेतली. गार इंजिनात पाणी हवेइतकंच गार असतं, त्यामुळे कोणता सेन्सर खोटा ते सकाळी कळतं. शुक्रवारी दत्तूभाऊ यायच्या आत फक्त चावी फिरवली. स्कॅनर पंचवीस, मीटर पंचवीस. दोन्ही साक्षीदार खरे निघाले. मग तापल्यावर दोघं भांडतात का, ते कळेना.

दहाला दत्तूभाऊ आले, इंजिन चालू केलं, गाणं लावलं. गाण्याशिवाय त्यांना जीपमध्ये बसता येत नाही. अर्ध्या तासात पुन्हा एकशे अठरा आणि नव्वद. मी लांबून तापमान मोजणारी गन आणली आणि इंजिनावर धरली. एकोणनव्वद.

"हे तर करोनात कपाळाला लावायचे ते," दत्तूभाऊ म्हणाले. "त्यात मला बी ताप नव्हता दाखवला, आन् पंधरा दिवस पडून होतो."

आता माझी चूक सांगतो. मी शिकलो ते पान्यावर आणि जुन्या बाजारात. स्पेअर पार्ट असो की अख्खी गाडी, समोरचा वर, मी खाली, आणि मध्ये कुठेतरी हातावर हात. तीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं, "ना तुमचं, ना माझं. एकशे चार धरू."

दत्तूभाऊंनी लगेच हात पुढे केला. मी हात मिळवला. हात सुटल्यावर ते म्हणाले, "एकशे चार म्हंजे लय झालं की. माणसाला एकशे चार चढला तर सलाईन लावत्यात."

"तो ताप वेगळा! ते माप वेगळं!"

"तुम्हीच बोलला एकशे चार. आता खोला."

खरा आकडा नव्वद होता आणि मी चौदा अंश फुकटात देऊन बसलो होतो. असा वाईट सौदा मी उभ्या आयुष्यात केला नव्हता. पाना हातात घेतला. डोकं तापलं होतं, त्यात ते गाणं. एकच गाणं, तिसऱ्यांदा.

"आधी ते बंद करा!" मी ओरडलो, आणि त्यांनी करायच्या आत स्वतःच पेनड्राइव्ह उपटला.

मीटर त्र्याण्णववर आलं. त्याच क्षणी.

मी मीटरकडे पाहिलं, दत्तूभाऊंनी माझ्याकडे. पेनड्राइव्ह परत खोचला. एकशे सोळा. ढोल वाजला की एकशे वीस, ढोल थांबला की एकशे दहा. आकडे नाचत होते. पाणी काही ढोलावर तापत नाही.

डॅशबोर्ड खोलला. प्रत्येक विजेच्या वस्तूची एक वायर गाडीच्या लोखंडाला जोडतात, वीज परत जायला. गॅरेजमध्ये तिला अर्थ म्हणतात. बबलूशेठनं मीटरची बारीक वायर आणि अॅम्प्लिफायरची जाड वायर एकाच स्क्रूखाली दाबली होती, तीही रंग न खरवडता. एका नळावर दोन घरं असावीत आणि शेजाऱ्यानं मोटार लावावी, तसं. गाणं वाजलं की स्क्रूवर विजेची गर्दी, आणि मीटरचा हिशेब चुकून आकडा वर. बबलूशेठच्या कामात अर्थ नव्हता, दोन्ही अर्थांनी.

मीटरची वायर सोडवून स्वतंत्र थेट बॅटरीपर्यंत नेली. दहा मिनिटांचं काम. गाणं पूर्ण आवाजात, मीटर ब्याण्णव, स्कॅनर नव्वद. दोन सेन्सर दोन जागी आहेत, तेवढा फरक राहतोच.

"दोन अंश अजून जास्तच हायेत," दत्तूभाऊ म्हणाले. "एक तुम्ही सोडा, एक मी सोडतो."

मी हात खिशात घातले.

बबलूशेठला फोन लावला.

"शेठ, रंग न खरवडता अर्थ मारलात?"

"मीटर चालतंय ना?"

"तुम्ही गिऱ्हाइकाला सांगितलंत माझं इंजिन गेलं."

"मी नाही, मीटर म्हणालं," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

रविवारी नवरदेव तीन तास मुंगीच्या चालीनं मिरवला. गाणं एकदाही थांबलं नाही, इंजिन एकदाही तापलं नाही. सोमवारी फुलबाजारात दत्तूभाऊ सांगत होते की इंजिनात दोष होता, बबलूशेठच्या मीटरमुळे वेळेवर सापडला.

धडा एवढाच. दोन आकडे भांडत असतील तर मधला आकडा काढू नये. कोणाचा पाय कुठे टेकलाय ते बघावं. हे मी शिकलो, माझ्या चुकीसकट लिहून दिलं.

आता बबलूशेठनं उत्तर द्यावं. फोनवर नाही. फुलबाजारात यावं, दत्तूभाऊंसमोर उभं राहावं आणि स्वतःच्या तोंडानं सांगावं की स्क्रूखालचा रंग कोणी खरवडला नव्हता. यात मी एक शब्दही कमी करून घेणार नाही.