महिन्याचा पहिला रविवार

धुळ्याच्या त्या ख्रिस्ती कॉलेजात मी तीन वर्षं काढली. त्या वर्षांविषयी चांगलं लिहावं म्हणून बसले तर हात चालत नाही.

आम्ही पहूरचे, बौद्ध. वडील प्राथमिक शिक्षक. 'शिस्त आहे, पोरगी सुरक्षित राहील,' एवढ्यावर त्यांनी मला तिथल्या वसतिगृहात ठेवलं. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना सक्तीची. घरून आलेली पत्रं मेट्रनबाई फोडून वाचत आणि मगच आम्हाला देत. घरच्यांनी भेटायचं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी, तेही फाटकाजवळच्या बाकावर, अर्धा तास. परवानगीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही.

माझी खोलीतली सोबतीण पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगराळ गावातली. ती जन्मानं ख्रिस्ती. मी प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची, ती मनापासून म्हणायची. पण बोलायची घरच्या अहिराणीत, म्हणून मेट्रनबाईंचा राग माझ्यापेक्षा तिच्यावरच जास्त.

दुसऱ्या वर्षी एका बुधवारी तिची आई न कळवता आली. पहाटेची एसटी धरून, डोक्यावर नागलीच्या पापडांचा डबा घेऊन. शिपायानं तिला फाटकातूनच परत पाठवलं. सोबतिणीला हे दुपारी कळलं. चप्पल घालता घालता ती म्हणाली, "माय अजून स्टँडवर असेल. कुणी विचारलं तर लायब्ररीत आहे म्हण."

मी हो म्हटलं.

तासाभरानं ती जागेवर नाही हे लक्षात आलं आणि मला ऑफिसात बोलावलं. प्रिन्सिपॉलबाईंनी टेबलावरचं बायबल माझ्याकडे सरकवलं. "यावर हात ठेव आणि सांग, ती कुठे आहे?"

ते माझं धर्मपुस्तक नव्हतं. मी सहज खोटं बोलू शकले असते. पण आईला भेटणं हा काय गुन्हा आहे, असं वाटलं, आणि खरं सांगून टाकलं. बाई हसल्या. "शाबास," म्हणाल्या. त्या शाबासकीची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेनंतर तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "माफी माग. देवाची आणि कॉलेजची."

ती अहिराणीतच म्हणाली, "मन्ही माय उन्ही व्हती. माफी कसानी मांगू?" आई आली होती, त्याची माफी कशाची मागायची?

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. प्रिन्सिपॉलबाईंनी क्षमेवरचा उतारा वाचून दाखवला आणि संध्याकाळपर्यंत वसतिगृह सोडायला सांगितलं. धुळ्यात तिचं दुसरं कुणी नव्हतं. वसतिगृह गेलं तसं कॉलेजही गेलं. ट्रंक भरताना मी मदतीला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला केला.

मी पदवीधर झाले. 'वर्तणूक उत्तम' असा दाखला मिळाला. वडिलांनी तो शेजाऱ्यांना दाखवला.

पुढे नोकरीनिमित्त साक्रीला गेले असताना ती बाजारात भेटली. गावात अंगणवाडी चालवत होती. मी ओळख दिली, माफी मागितली. तिनं ऐकून घेतलं.

"तू घाबरून सांगितलंस का?" तिनं विचारलं.

"नाही. बाई समजून घेतील असं वाटलं."

"एक वर्ष राहून तुला असं वाटलं?" ती म्हणाली, आणि भाजीवाल्याकडे वळून मिरच्या निवडू लागली. मी निघाले.