त्या सकाळच्या फोनचा कोड : ४८७

...दुपारची कणीक अर्धी मळून झाली होती. पोळी-भाजी डब्यात भरून यांना तासाभरापूर्वीच कंपनीच्या बसला पाठवलं होतं, पाणी भरलं होतं, कपडे भिजवले होते. डबा नवा होता. "हा तरी हरवू नका," एवढं बोलूनच दार लावलं होतं मी.

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा नंबर. मोबाईल लॉकरमध्ये ठेवायला लागतात, म्हणून हे आपल्या स्टोअर विभागाच्या फोनवरून करायचे. पिठाच्या हातानेच मी बोट लावलं आणि त्याच क्षणी रिंग थांबली... उलटा फोन लावला, कुणी उचलला नाही.

दोन तासांनी कंपनीतून फोन आला. हार्ट अटॅक. हे गेले होते.

तीन वर्षं एकच गोष्ट मनात होती. छातीत दुखत होतं म्हणून त्यांनी मला फोन केला, आणि मी चुकून तो कट केला. हे कुणालाच सांगितलं नाही. कणीक मळताना फोन ओट्यावर डोळ्यांसमोर ठेवायची सवय मात्र लागली.

त्यांच्यामागे कंपनीने मला रिसेप्शनला घेतलं. थेरगावहून महाळुंग्याला त्याच बसने जाते. आमचे फोन इंटरनेटवर चालतात आणि प्रत्येक कॉलचं काय झालं त्याचा एक कोड कॉम्प्युटरवर पडतो. मी दहावी शिकलेली, पण हातात पडेल ते वाचते. आयटीतल्या स्नेहाकडून कोडची यादी मागून घेतली आणि बसमध्ये वाचून काढली. १८० म्हणजे रिंग वाजतेय. २०० म्हणजे उचलला. समोरच्याने कट केला तर ६०३, कधी कधी ४८६.

परवा एका कस्टमरची तक्रार आली, तुमची रिसेप्शनिस्ट फोन कट करते म्हणून. स्नेहाने कॉलच्या नोंदींचा लॉग उघडून दाखवलं, आमच्याकडून एकही कट नव्हता. मी सहज विचारलं, हे किती जुनं असतं? म्हणाली, सिस्टीम बसवल्यापासूनचं सगळं आहे.

मी तिला ती तारीख सांगितली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती तारीख टाकली.

स्टोअरचा फोन, माझा नंबर. १८०... आणि त्यापुढे ४८७.

यादी मला पाठ होती, तरी तिलाच विचारलं. ती हळू आवाजात म्हणाली, "काकू, रिंग वाजत असताना लावणाऱ्यानेच फोन ठेवला, की हा कोड येतो. तुम्ही कट केला नव्हता."

खालच्या ओळीत त्याच फोनवरून कॅन्टीनला कॉल होता. २००. एक्केचाळीस सेकंद.

जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या शिंदेमामांकडे गेले. ते महाळुंग्याचेच, तेव्हाही तिथेच होते. विचारल्यावर हातातला डाव खाली ठेवून म्हणाले, "हसत होते, वहिनी. म्हणले, नवा डबा बसमध्येच राह्यला, एक ताट लावा. घरी फोन लावला व्हता, पण आत्ता सांगितलं तर लई ओरडा बसंल म्हून ठेवून दिला. सांजच्याला घरी जाऊन सांगतो म्हणले."

मग डाव पुन्हा उचलत म्हणाले, "तुमी कधी इचारलं न्हाई, आन मला काय धीर झाला न्हाई."

मला वाटत होतं डबा हॉस्पिटलच्या धावपळीत गेला. त्या वर्षातला तो तिसरा डबा.

कोड फोनचं काय झालं तेवढंच सांगतो, का झालं ते माणसालाच विचारावं लागतं. मी विचारायला तीन वर्षं लावली. स्नेहाचे आणि मामांचे उपकार आहेत माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांच्या फोटोसमोर उभी राहून मी त्यांना डब्यावरून पोटभर रागावले. मग हात धुऊन कणीक मळायला घेतली. फोन हॉलमध्ये चार्जिंगला होता.