मावळतीकडं पाठ करून

शेवगावच्या आठवडी बाजारात लोक मला अडवून विचारतात, "काय वो, तुमच्या आत्यानं म्हनं समुद्रातली बोट अडवली?" आणि विचारता विचारता एकमेकांना कोपरं मारतात. त्यांना वाटतं, आता हा जरा खाली येईल. 'अडवली म्हणजे अगदी अडवली असं नाही, थोडी थांबवली' असं काहीतरी बोलेल. मी खाली येत नाही. अडवली. बोट दुमजली होती. तिच्यावर दिव्यांच्या इतक्या माळा होत्या की आमच्या तालुक्यातली वीज रोज तिकडेच जात असणार, असा मला तिथल्या तिथे उलगडा झाला. आणि ही बोट माझ्या आत्यानं प्लास्टिकच्या एका खुर्चीवर नुसतं बसून अडवली. आत्या वजनाला एवढी की वाऱ्याच्या दिवशी आम्ही तिला शेतात एकटी सोडत नाही. ज्याला पटत नसेल त्यानं पटवून घेऊ नये. माझं काही अडलेलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालं, वर्षभरात नवरा गेला, आणि ती माहेरी परत आली. मला खरं तर तिनंच वाढवलं. लहानपणी मला असा ताप भरला होता की माझ्या कपाळावर भाकरी भाजली असती. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आत्यानं गणपतीला सांगितलं, "पोरगं ठेव. मरेस्तवर तुझी चतुर्थी धरीन." गणपतीनं त्याचा शब्द पाळला, त्याचा पुरावा म्हणून मी अजून हिंडतोय. आत्यानंही तिचा पाळला. दर महिन्याच्या संकष्टीला दिवसभर उपास, आणि चंद्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तोंडात घास नाही. ऊसतोडीला जायची तेव्हासुद्धा दिवसभर मोळ्या वाहून रात्री बैलगाडीच्या जुवावर चढायची आणि उसाच्या शेंड्यांवरून चंद्र हुडकायची. ढग असले तर ढगांना शिव्या घालायची. ढग हटायचे, हे मी पाहिलेलं आहे.

तर अशा या आत्यानं एका लग्नात कुणाच्या तरी मोबाईलवर व्हिडिओ पाहिला. समुद्रात बोट चाललीय, सूर्य मावळतोय आणि माणसं ताटं घेऊन जेवतायत. घरी आल्यावर तिनं जाहीर केलं, "मला तसं जेवायचंय. बोटीत बसून. येकदा."

भावकी हसली. एक चुलता म्हणाला, "आक्का, तुला पवायला येतं का?"

"मला जेवायला जायाचंय," आत्या म्हणाली. "पवायला न्हाई."

तिथेच मी ठरवलं की आता आभाळ कोसळलं तरी आत्याला बोटीत जेवू घालायचं. कोकणातलं समुद्रकाठचं एक गाव शोधलं. तिथं सगळ्यांनी हॉटेलं काढलीत, आणि जे उरलेत त्यांनी बोटी काढल्यात. मोबाईलवर आमची तीन तिकिटं काढली. आत्या, बायको आणि मी. यात माझी काडीची चूक नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. मोबाईलवर तारखेचा नुसता आकडा असतो. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चौकटीत छोटा गणपती असतो, खाली चंद्रोदयाची वेळ असते. मोबाईलवाल्यांनी गणपती छापला नाही, त्याला मी काय करणार?

घाटात चहाला थांबलो, तेव्हा बायकोनं आत्यापुढं भजी धरली. आत्यानं ताटली परत सरकवली.

"आज चतुर्थी हाय."

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं की हातातल्या चहाला पुन्हा उकळी फुटली.

"आत्याबाई, सकाळीच सांगायचं की. न्हेली असती पुढच्या आठवड्यात."

"चतुर्थीला बोटीत चंद्र दिसत न्हाई का?" आत्या म्हणाली. "दिसला की जेवीन. बोटीतच जेवीन. त्यात काय येवढं?"

त्यात एवढंच होतं की बोट सूर्यास्त दाखवून आठला धक्क्याला परत लागणार होती आणि चंद्र साडेआठच्या पुढं उगवणार होता. हे मी आत्याला सांगितलं नाही. तिला सांगून चंद्र लवकर उगवला असता तर सांगितलं असतं.

धक्क्यावर उभं राहून आत्यानं समुद्र पाहिला. तसा तो आमच्या पाझर तलावापेक्षा जरा मोठा आहे, हे मोठ्या मनानं मान्य करायला हवं. तिनं कपाळावर हात धरला आणि पलीकडचा काठ हुडकला. काठ काही सापडला नाही.

"हे बी जायकवाडीला सोडत्यात का?" तिनं विचारलं.

"न्हाई आत्या, हे कुठंच सोडत न्हाईत."

"मंग भांडनं कशावरनं करत्यात हितली लोकं?"

मी तिचा हात धरून तिला बोटीत चढवलं.

वरच्या मजल्यावर सगळ्या खुर्च्या मावळतीकडं तोंड करून मांडलेल्या होत्या, नाटकाला मांडतात तशा. आत्यानं स्वतःची खुर्ची उचलली, गरकन फिरवली आणि उगवतीकडं तोंड करून बसली. बोट खाडीतून बाहेर पडून समुद्रात शिरली. सगळी माणसं एका दिशेला आणि एकटी आत्या उलटी, किनाऱ्याकडं बघत. बोटीचा मॅनेजर पांढऱ्या शर्टातला, गळ्यात शिट्टी अडकवलेला पोक्त माणूस होता. तो लगबगीनं आला.

"आजी, सूर्यास्त या बाजूला आहे."

"तुमचा तिकडं. आमचा पाव्हना हिकडनं यायचाय."

मग सूर्य मावळला. त्याचं वर्णन मी करत नाही, कारण मला तो दिसलाच नाही. पुढं इतके मोबाईल वर गेले होते की सूर्यालाही आपण कुठं बुडतोय ते दिसलं नसेल. टाळ्या वाजल्या, कुणी शिट्ट्या मारल्या. आत्यानं मागं न वळता विचारलं, "गेला का?"

"गेला."

"बरं झालं. आता वाट मोकळी झाली."

खुर्च्यांमध्ये टेबलं मांडली आणि जेवण लागलं. पुऱ्या, वरणभात, पनीर, सोलकढी, आणि कोकणात म्हणून उकडीचे मोदक. मी आधी चव बघायला जेवलो आणि मग जेवायला जेवलो. बायको अर्ध्या ताटावर उठली. आत्या समोर उपाशी बसलेली असताना तिच्या घशाखाली काही उतरेना, असं ती अजून मला ऐकवते. आत्यानं स्वतःचं ताट नीट वाढून घेतलं, त्यावर दुसरं ताट उपडं घातलं, मांडीवर ठेवलं आणि वर पदर ओढला.

किनारा जवळ यायला लागला तसा मॅनेजर ताटं गोळा करत आला.

"आजी, जेवून घ्या. आता धक्का येईल. ताट बोटीबाहेर नेता येत नाही, आणि आम्ही बांधून देत नाही."

"चंद्र निघू दे. जेवते."

तेव्हा कुठं त्याला कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी बायकोकडं पाहिलं. बायको आत्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आत्याबाई, आजच्या दिवस जेवा. येवढ्या लांबनं आलो. देव समजून घील."

"देव घील गं. त्याचं मन मोठं हाय. मी न्हाई घ्यायची."

इथं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चंद्र पूर्वेकडून येतो. माझा साडू नागपूरला असतो. म्हणजे त्याला चंद्र आमच्या आधी दिसणार. मी त्याला व्हिडिओ कॉल लावून गच्चीवर पिटाळलं. त्यानं मोबाईल आभाळाकडं धरला. काळ्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसला. तो चंद्र होता की नगरपालिकेचा दिवा, हे मी आजही छातीठोक सांगू शकत नाही; पण तेव्हा सांगितलं.

"बघ आत्या, निघाला! कर नमस्कार आन् घे घास."

आत्यानं मोबाईल हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत दिला.

"ह्यो नागपूरचा."

"आगं, चंद्र एकच असतो!"

"येकच हाय ना? मंग येऊ दे की हिकडं. त्याला काय नागपुरात मुक्काम करायचाय?"

शेजारच्या टेबलावर नाशिकची एक बाई नवऱ्याबरोबर बसली होती. मघापासून ती ऐकत होती. पुरीचा तुकडा तिच्या हातात तोंडापर्यंत येऊन थांबलेला होता. तिनं तो खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "मलाही नाही जेवायचं." नवरा म्हणाला, "तूच म्हणालीस ना, प्रवासात चालतं?" ती म्हणाली, "यांना बघायच्या आधी म्हणाले होते." मग मागच्या टेबलावरनं एक ताट बाजूला सरकलं, त्याच्यामागून आणखी एक. बघता बघता अर्धी बोट उपाशी बसली. मी अर्धी म्हणतो. बायको म्हणते, चार-पाच बाया असतील. बायकोला मोजता चांगलं येतं, पण तिला अंदाज अजिबात नाही.

बोट धक्क्याला लागली. मॅनेजरनं शिट्टी वाजवली. माणसं उतरली, उपाशी बायाही एकेक करत उतरल्या. हॉटेलात जाऊन चंद्र पाहतो म्हणाल्या. आत्या बसून राहिली. तिच्या शेजारी खुर्ची ओढून नाशिकची बाई बसली.

"आजी, उतरा."

"जेवून उतरते. तिकिटावर जेवन लिवलंय. मी आजून जेवले न्हाई."

"हे नियमात बसत नाही."

"नियम उभा ऱ्हाऊ द्या. मी बसलेय."

मॅनेजरनं गाणी बंद करायला लावली. आत्या म्हणाली, "बरं झालं. कान किटले हुते." मॅनेजर म्हणाला, "मी दिवे बंद करीन हं." आत्या म्हणाली, "करा की. चंद्र नीट दिसंल." त्यानं खरंच केले. त्या अंधारात मला तो माणूस पहिल्यांदाच आवडायला लागला, कारण माझ्याशिवाय आत्याशी वाद घालून हरणारा दुसरा कुणी मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

पण चंद्र दिसेना. साडेआठ होऊन गेले होते. तो उगवलेला असणार; आडवा आला होता धक्क्याच्या पाठीशी उभा असलेला डोंगर. आमच्याकडं माळरान असतं. चंद्र निघाला की निघाला, मध्ये कुणी येत नाही. इथं त्याला सगळा डोंगर चढून यायचा होता. आत्याच्या पोटात सकाळपासून पाण्याशिवाय काही नव्हतं. तिनं पदराखालच्या ताटावरचा हात जरासुद्धा हलवला नव्हता, पण मान एका बाजूला कलली होती. बायकोनं माझा दंड धरला. "तुमी तरी काय बोला," ती म्हणाली. मी काय बोलणार? हा उपास माझ्या नावाचा होता. ज्याच्यासाठी धरलाय त्यानंच 'सोड' म्हणायचं?

तेवढ्यात मॅनेजर परत आला. आता त्याच्या आवाजात विनवणी होती.

"आजी, ओहोटी लागलीय. बोट इथं ठेवली तर चिखलात रुतेल. रात्री आम्ही ती खाडीच्या मध्यावर नेऊन नांगरतो. आता नेलीच पाहिजे. तुम्ही उतरा हो."

आत्यानं डोकं वर केलं.

"न्या की. मी काय बोट धरून बसलेय का? मी खुर्ची धरून बसलेय."

मॅनेजरनं धक्क्यावर हाक मारली, परत यायला मागं एक लहान होडी बांधायला सांगितली आणि दोर सोडला. नाशिकच्या बाईचा नवरा दोघांच्या चपला हातात धरून धक्क्यावर उभा होता. तो लहान लहान होत गेला.

बोट मध्यावर गेली. आणि जसजशी गेली तसतसा डोंगर बाजूला सरकला. खरंच सरकला, पडदा ओढावा तसा. खाडीच्या वरच्या अंगाला, जिथं डोंगर तुटतो तिथं, माडांच्या डोक्यावर चंद्र बसलेला होता. लालसर, परातीएवढा, एका बाजूनं जरा झिजलेला. चांगला हातभर वर आलेला. आम्ही त्याची वाट बघत होतो आणि तो तिकडं आमची.

आत्या उठली. मी आधार द्यायला गेलो, तर तिनं माझा हात झटकला. कठड्याशी जाऊन घरनं आणलेल्या बाटलीतल्या पाण्यानं तिनं अर्घ्य दिलं. आमच्याकडचं ते पाणी खाडीत पडलं. हात जोडले, काहीतरी पुटपुटली. त्यात माझं नाव होतं, तेवढं मला ऐकू आलं. मग खुर्चीत बसली, वरचं ताट काढलं आणि वरणभाताचा पहिला घास घेतला.

गार झालेलं सगळं. ती हळूहळू जेवत राहिली. मोदक फोडला, आत बघितलं, खाल्ला.

"तळलेला न्हाई ह्यो," ती म्हणाली. "पर वाईट न्हाई." मग मॅनेजरकडं वळली. "वरन हाय का अजून?"

मॅनेजर पायरीवर हाताची घडी घालून बसला होता. तो मुकाट्यानं खाली गेला आणि पातेलंच घेऊन आला. नाशिकच्या बाईनंही ताट पुढं केलं, आणि बायकोनंही. त्यानं तिघींना वाढलं, अगदी लग्नातल्यासारखं, 'घ्या, अजून घ्या' म्हणत. दिवे लावू का, असं त्यानं विचारलं. आत्यानं नको म्हणून मान हलवली.

मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. मी कठड्याला टेकून उभा होतो, शर्टाची खालची दोन बटणं सोडलेला.

"आरं लेकरा, तू जेवला का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो, आणि तिच्या समोर खाली बसकण मारली.

तिनं ताटातला अर्धा भात माझ्याकडं सारला.