हळद लागलेला बॉक्सर

नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता पुसट झाले आहेत. एका आरोपीचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर बसतो. बायको म्हणते, तुम्हाला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, गुन्हे काय आठवणार! पण एक प्रकरण अजून लख्ख आठवतं, आणि आठवलं की आपोआप हसू येतं. खात्यात अशी प्रकरणं क्वचितच वाट्याला येतात, म्हणून लिहून ठेवतो. नाव कुणाचंच देणार नाही. ओळखणारे ओळखतीलच.

मी तेव्हा न्हावा शेवा आणि अलिबाग यांच्या मधल्या एका खाडीकाठच्या ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा माणगावकडचा, भातशेतीच्या घरातला. किनाऱ्यावरच्या रीतीभाती मला नोकरीनेच शिकवल्या. ठाण्याचं रोजचं काम ठरलेलं असायचं. हजेरी, कंटेनरच्या अपघातांचे पंचनामे, मासळी बाजारातली भांडणं, आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवाल्यांच्या लाउडस्पीकरच्या तक्रारी. तुळशीची लग्नं उरकली की यात वराती अडवल्याच्या तक्रारींची भर पडायची.

अशाच लग्नसराईच्या सुरुवातीला एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. मुंबईचे, चांगल्या कपड्यांतले, बोलायला गोड. अलिबागजवळच्या एका फार्महाऊसवर त्यांनी व्यावसायिक बॉक्सिंगचा खासगी कार्यक्रम ठेवला होता. पाहुणे रो-रो बोटीने गाड्यांसकट येणार होते. मुख्य लढतीत आमच्याच हद्दीतल्या कोळीवाड्यातला एक तरुण बॉक्सर उतरणार होता. आता हा तरुण गायब होता. फोन बंद, आईला फोन केला तर म्हणते घरी नाही. आयोजकांचं म्हणणं असं की त्याच्या मॅनेजरने त्याला डांबून ठेवलं आहे.

"म्हातारा हेकट आहे साहेब," ते म्हणाले. "पोराचं करिअर बरबाद करतोय. तुम्ही त्याला दोन दणके दिलेत की सरळ होईल."

कुणाला दणके द्यायचे हे तक्रारदाराने सांगितलेलं मला कधी आवडलं नाही. पण सज्ञान माणसाला इच्छेविरुद्ध अडकवून ठेवणं हा गुन्हा आहे. ठाणे अंमलदाराला नोंद घ्यायला सांगितली आणि बीट हवालदाराला चौकशीला धाडलं. तो दुपारी परत आला. जेट्टीवरच्या त्याच्या खबऱ्याने एवढंच सांगितलं होतं: "पोर गावातच हाय. त्याला गावाभायेर सोडत न्हाईत. ह्यात मास्तरचा हात हाय."

मास्तर म्हणजेच तो मॅनेजर. त्यांना सगळा किनारा मास्तर म्हणत असे, पण त्यांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. तरुणपणी गोदीत काम केलं, तिथेच बॉक्सिंग शिकले, आणि निवृत्तीनंतर मिठाच्या जुन्या गोदामात पोरांना शिकवू लागले. त्यातली काही पोरं व्यावसायिक लढतींत उतरली तेव्हा त्यांची मॅनेजरकीही मास्तरांकडेच आली. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, नाक असं चपटं झाल्यावर मुलगी कोण देणार?

मास्तरांना ठाण्यावर बोलावून घेतलं. आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. पिशवीत टूथब्रश, लुंगी आणि रक्तदाबाच्या गोळ्या. म्हणजे आत जायच्या तयारीनेच आले होते! मला तिथेच त्यांचं कौतुक वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"पोरगा कुठे आहे?"

"सांगनार न्हाय."

"मास्तर, गुन्हा दाखल होईल. जामिनासाठी पळापळ करावी लागेल या वयात."

"व्हय. म्हनून गोल्या आनल्यात."

अशा माणसाची चौकशी सर्वांत अवघड. चोर खोटं बोलतो, आणि खोटं कुठेतरी फाटतंच. जो सरळ 'सांगणार नाही' म्हणतो त्याचं काय फाडणार? मी आवाज चढवून पाहिला, मग समजुतीने घेतलं. मास्तर शांतपणे भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिले. शेवटी मी चहा मागवला. पोलीस ठाण्यातला चहा मोठा गुणी असतो. त्याने माणूस बोलो न बोलो, त्याचे हात तरी दिसतात.

मास्तरांनी कप उचलला तेव्हा त्यांची नखं मला दिसली. पिवळीजर्द. बोटांच्या पेरांत, शर्टाच्या बाहीच्या कडेलाही पिवळं. स्वयंपाकाच्या हळदीचे हात असे होत नाहीत. भांडंभर हळद कालवून कुणाच्या तरी अंगाला चोळली की असे होतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात माझे झाले होते.

"लग्न कुणाचं, मास्तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

मघापासून दगडासारखा बसलेला माणूस एकदम चुळबुळला. कप बशीत ठेवताना चहा सांडला.

"तुम्ही तर सडेफटिंग. घरात लग्नाचं कोणी नाही. मग बापाच्या जागी उभं राहून हळद कुणाला लावलीत?"

मास्तरांनी सांडलेला चहा बाहीने पुसला. मग पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "ऐका तर मग. सगलाच सांगतो."

त्या बॉक्सरचा बाप तो लहान असतानाच वारला होता. तेव्हापासून तो मास्तरांच्या हाताखाली वाढला. मागच्या लढतीत त्याला डोक्यावर वाईट मार बसला, तो जमिनीवर आडवा झाला. डॉक्टरांनी कित्येक महिने रिंगणात उतरायचं नाही म्हणून बजावलं होतं. पोरगा म्हणत होता, मी ठणठणीत आहे.

"ठनठनीत कसला!" मास्तर म्हणाले. "सायेब, होडीवरून धक्क्यावर उतराची फली असतं. त्या फलीवरून तो डोले मिटून चालायचा, पाच वर्साचा असल्यापासून. परवा माज्यासमोर त्याचा पाय चुकला. पान्यात पडला न् हसला. मी न्हाय हसलो."

आणि अशा वेळी हे आयोजक आले होते. त्यांना त्यांचा एक बाहेरून आणलेला बॉक्सर मोठा करायचा होता. त्यासाठी नावाजलेला, पण आतून कच्चा झालेला प्रतिस्पर्धी हवा होता. मास्तरांनी नकार दिल्यावर ते थेट पोराला भेटले. पोरगा तयार झाला. मास्तर आणि तो यांची कडाक्याची भांडणं झाली. 'तुमी म्हातारे झालात, घाबरट झालात' इथपर्यंत मजल गेली.

"बाकी लोक बोलतात, मॅनेजर म्हंजे कोपऱ्यात टॉवेल घेऊन उभा ऱ्हातो तो," मास्तर म्हणाले. "मार जास्ती झाला का टॉवेल टाकाचा, लढत बंद. पन टॉवेल टाकाची वेल आली म्हंजे मॅनेजर आधीच चुकला. त्यानी 'न्हाय' बोलाचं ते आधी, घरात बसून. माजं 'न्हाय' पोरानी ऐकलं न्हाय. मग मी त्याच्या आयशीकडं गेलो."

पोराचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. मास्तर, पोराची आई आणि गावची धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणून सगळे विधी करणारी बाई, अशा तिघांनी बसून ते अलीकडच्या मुहूर्तावर ओढलं. मुलीकडचेही तयार झाले. आणि लढतीच्या आधीच पोराला हळद लावून टाकली.

आता माझ्या ध्यानात आलं. त्या किनाऱ्यावर एकदा हळद लागली की नवरदेव लग्न लागेपर्यंत गावची वेस ओलांडत नाही, एकटा कुठे जात नाही. दृष्ट लागते, बाहेरची बाधा होते. कुलूप नाही, पहारा नाही, पण हळदीच्या अंगाने वेशीबाहेर पाऊल टाकायची कुणाची छाती नसते. मुंबईच्या गृहस्थांना वाटणार, हळद म्हणजे एका संध्याकाळचा नाच आणि जेवण.

मास्तरांची गोष्ट पटली तरी जबाब पोराचाच हवा होता. एक महिला हवालदार बरोबर घेतली आणि आम्ही कोळीवाड्यात गेलो. अंगणात मांडव, बायकांची गाणी चाललेली, आणि चौरंगावर तो डांबून ठेवलेला इसम. कपाळापासून पायापर्यंत पिवळा, आणि रीतीप्रमाणे हातात कट्यार! ज्याच्या सुटकेला आलो त्याच्याच हातात हत्यार, असा प्रसंग माझ्या नोकरीत तो एकच. हवालदार बाई तोंडाला रुमाल लावून हसत होत्या.

"तुला कुणी अडकवून ठेवलंय का?" मी विचारलं.

तो हसला नाही. मास्तरांकडे बघितलंही नाही.

"दरवाजा उगडा हाय सायेब. कोनी अडवलं न्हाय. पन आय रडतं, म्हनून बसलोय. मास्तरनी डाव केला माज्याशी. लगीन लागूं दे, हलद उतरली का मी जानार न् लढनार."

लढत लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी होती; त्यापुढचा जवळचा मुहूर्त मास्तरांना मिळाला नव्हता. गुन्हा नव्हता, हे माझ्या बाजूने स्पष्ट झालं होतं. स्टेशन डायरीत तशी नोंद करून मी मोकळा झालो असतो. पण मास्तरांचा चेहरा मला बघवेना. सगळी गावकी गोळा करून त्यांनी जे अडवलं होतं, ते फक्त एका दिवसाने हातचं निसटणार होतं. पोराच्या डोक्यावर पुन्हा तसाच मार बसला असता तर काय, हे मला कुणी डॉक्टरने सांगायची गरज नव्हती.

मी आयोजकांना फोन केला. म्हटलं, तुमचा माणूस सापडला आहे, सुखरूप आहे. तुमच्या दुसऱ्या बॉक्सरला घेऊन या, समोरासमोर बोलून घेऊ. ते खुशीत आले. दोघं एकाच वजनाचे आहेत ना, मी विचारलं. "अगदी एकाच," ते म्हणाले.

ते आले. बरोबरचा बॉक्सर उत्तरेकडचा होता, मांडवात शिरताना त्याला वाकावं लागलं. मी शेजारच्या मासळीवालीला तिचा वजनकाटा आणायला सांगितलं, ज्यावर ती पापलेटच्या टोपल्या तोलते तो. तिने तो पदराने पुसून अंगणात ठेवला. आधी नवरदेव उभा राहिला, कट्यारीसकट. मग तो पाहुणा. आकडा बघून मासळीवाली कपाळावर हात मारून ओरडली, "आगं बाय! ह्ये तं बारीक बोंबील न् जाड्या हलव्याची जोडी लावलीस रं!"

मांडव खदखदून हसला. आयोजक मात्र हसले नाहीत, आणि तो थोराड बॉक्सरही हसला नाही. तो काट्यावरून उतरून नवरदेवासमोर जाऊन उभा राहिला.

"मेरे को बोला, मेरे वज़न का लड़का है," तो म्हणाला. मग त्याने आपलं बोट त्या पोराच्या डोळ्यांसमोरून हळूच एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेलं, जसं डॉक्टर नेतात तसं. पोराची नजर मध्येच अडखळली. आम्हाला सगळ्यांना दिसलं. पोरालाही कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"तेरे उस्ताद कौन हैं?"

पोराने बोटाने मास्तर दाखवले. तो राक्षसासारखा माणूस मास्तरांच्या पाया पडला. मग वाटीतली हळद घेऊन त्याने पोराच्या गालाला लावली. "शादी मुबारक भाई. मैं नहीं लड़ता," एवढं बोलून तो पंगतीच्या जागी जाऊन बसला.

पोरगा रडला. आधी हुंदका, मग मोठ्याने. मास्तरांनी जवळ घेतलं तेव्हा दोघंही पिवळे झाले. धवलारणीने गाणं थांबवलं नाही, उलट आवाज चढवला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी लपवलं नाही.

आयोजकांचं पुढे जे व्हायचं ते रीतसर झालं. परवानगी त्यांनी गाण्याच्या कार्यक्रमाची काढली होती. डॉक्टर नाही, रुग्णवाहिका नाही, लढतीचा कुठे उल्लेख नाही. नोटीस गेली आणि कार्यक्रम रद्द झाला. मास्तरांची पिशवी मात्र ठाण्यातच राहिली होती. ती मी लग्नाच्या दिवशी स्वतः नेऊन दिली आणि जेवूनच परतलो. तो थोराड पाहुणा वरातीत असा नाचला की गाव अजून त्याची आठवण काढतं.

या प्रकरणाने मला एक शिकवलं. डांबून ठेवणं आणि राखून ठेवणं हे लांबून अगदी सारखंच दिसतं. दोन्हींत माणूस अडलेला असतो, रागावलेला असतो, आणि तक्रार करणाऱ्याकडे मुद्देही असतात. फरक बघायचा तर जवळ जाऊन अडवणाऱ्याचे हात बघावे लागतात. त्यानंतर कुठल्याही घरच्या भांडणात मी निकाल द्यायची घाई केली नाही.

निवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा मुद्दाम गोदामात डोकावलो. डॉक्टरांनी मोकळं केल्यावर तो पोरगा काही लढती लढला होता, बरोबरीच्या माणसांशी, मास्तरांच्या पसंतीने. आता गोदाम तोच चालवतो. मी गेलो तेव्हा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "न्हाय म्हंजे न्हाय. माजी पोरगी एवढ्या लवकर रिंगणात उतरनार न्हाय." भिंतीशी त्याच्या हाताखाली शिकणारी एक तरुण बॉक्सर मुलगी गाल फुगवून बसली होती.

"रुसू दे," तो मला म्हणाला. "मी पन रुसलेलो."

"आणि आता? मास्तरांवरचा राग गेला?"

"कवाच गेला सायेब. दुसऱ्यांचे मॅनेजर टॉवेल टाकतात. माज्या मास्तरनी हलद टाकली."

कोपऱ्यात खुर्चीवर मास्तर बसले होते. मला वाटलं झोपलेत. डोळे न उघडताच ते ओरडले, "टाकली न्हाय रं, लावली! बाप झालास तरी बोलाला शिकला न्हायस. सायबाला च्या दे आधी."