डब्यातल्या गोळ्या

अजूनही घरात फ्लशचा आवाज आला की माझ्या काळजात धस्स होतं. कोण गेलंय, आत किती वेळ आहे, मघाशी गेलं होतं तेच का, असल्या चौकश्या डोक्यात आपोआप सुरू होतात. लोकांना अवेळी फोन वाजला की धडकी भरते, मला फ्लशने भरते. हसायचं तर हसा. त्या हिवाळ्यात माझे बाबा त्या आवाजागणिक आमच्या डोळ्यांदेखत झिजत होते.

आम्ही दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात राहतो. क्वार्टर माझ्या नावावर आहे, कारण सरकारी नोकरीत आता मी आहे. बाबा अशाच नोकरीतून रिटायर झाले आणि आईला घेऊन माझ्याकडे राहायला आले. येताना त्यांनी रसगुल्ल्यांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला. त्यात औषधं होती. सरकारी कॉलनीत राहिलेल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. इथे कुणाची बदली झाली की जाणारा माणूस कुंड्या एका घरी देतो, कूलर दुसऱ्या घरी देतो, आणि डिस्पेन्सरीतून आणून उरलेली औषधं अशा माणसाला देतो, ज्याला त्यातलं कळतं. आमच्या ब्लॉकमध्ये तो माणूस म्हणजे बाबा. त्यांना कळायचं ते एवढंच की पाकिटावरची तारीख कुठे बघायची. पण कुणाचा घसा धरला, कुणाला कणकण आली, की लोक डिस्पेन्सरीच्या रांगेत न जाता आमची बेल वाजवायचे. "अंकल, कुछ दे दीजिए." अंकल द्यायचे. अँटिबायोटिकच द्यायचे, कारण साध्या गोळीवर त्यांचा विश्वास नव्हता.

घरात तर शिंकायची सोय नव्हती. हातात पाण्याचा पेला घेऊन ते समोर उभे राहायचे आणि गोळी गिळेपर्यंत हलायचे नाहीत. मी भांडभांड भांडायचे आणि शेवटी कटकट नको म्हणून गिळायचे. आई कधी भांडली नाही. ती हात पुढे करायची, गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची, आणि ते "बघू" म्हणाले की लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायची. मला तिचाच जास्त राग यायचा. नवऱ्याचं इतकं काय ऐकायचं!

त्या वर्षी दिवाळीनंतर नेहमीप्रमाणे दिल्लीवर धूर उतरला आणि त्यातच बाबांची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरने अँटिबायोटिक दिलं. धुराने खोकला होताच, म्हणून बाबांनी डब्यातलं आणखी एक जोडलं. मग जुलाब सुरू झाले, त्यावर तिसरं घेतलं, आणि वर जुलाब बांधायची गोळी. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो आमच्या घरी बिनबोभाट चालला होता. आम्ही त्यांना उचलून इस्पितळात नेलं तेव्हा पोट फुगून टणक झालं होतं आणि ते मला ओळखायला वेळ घेत होते.

पोटाच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी समजावून सांगितलं. माणसाच्या आतड्यात अगणित जिवाणू गुण्यागोविंदाने नांदत असतात, त्यातले बरेचसे आपल्या कामाचे. बाबांच्या औषधांनी ते सरसकट मारले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत एक दांडगा जिवाणू माजला. तो विष सोडतो, आतडं सोलून काढतो. त्याच्यावरही औषध होतं. ते दिलं, बाबा सुधारले, घरी आले, वरणभात जेवले. औषध संपलं आणि काही दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा औषध, पुन्हा सुधारणा, पुन्हा तेच. बाबांचं मनगट माझ्या मुठीत मावायला लागलं. मी ऑफिसात बसून याविषयी नवं नवं संशोधन वाचायचे. त्या जिवाणूचे बीजाणू फरशीवर, नळावर, दाराच्या कडीवर महिनोन् महिने टिकतात आणि सॅनिटायझरला भीक घालत नाहीत. आमच्या क्वार्टरमध्ये एकच संडास. मी ब्लीचने तो धूत राहायचे, साबणाने हात धूत राहायचे, बोटांना भेगा पडल्या. कडीला हात लावताना मला तिथे काहीतरी बसलेलं दिसायचं.

दुखणं तिसऱ्यांदा उलटल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता औषधाने भागेलसं वाटत नाही. निरोगी माणसाच्या विष्ठेतले जिवाणू यांच्या आतड्यात सोडू. गेल्या काही वर्षांत यावर पुष्कळ काम झालंय. बहुतेकांना गुण येतो. पण हमी देत नाही." त्या अर्थात हिंदीत बोलत होत्या. आईने शांतपणे विचारलं, "मतलब जामन?" दिल्लीत विरजणाला जामन म्हणतात. आमचं दही बिघडलं की आई वरच्या ओडिया मावशींकडून वाटीभर आणायची.

"बिल्कुल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण जामन अच्छा चाहिए. देणाऱ्याने गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको. घरात आहे कोणी?"

मी दिवाळीत घसा धरला म्हणून पूर्ण पाकीट संपवलं होतं. नोएडाच्या माझ्या भावाने तर स्वतःसाठी आणि बायकोसाठी डब्यातली दोन पाकिटं नेली होती. घरी आल्यावर मी वर मावशींकडे गेले. त्यांचा मुलगा धडधाकट, रोज पळायला जाणारा. ताकाला जाऊन भांडं लपवून चालणार नव्हतं, पण मी बराच वेळ लपवलंच. चहा प्याले, हवेबद्दल बोलले, मग एकदाचं सांगून टाकलं. मावशी बिचाऱ्या जराही नाक न मुरडता म्हणाल्या, "ले जाओ बेटा, इसमें क्या है." मग थोडं थांबून त्यांनाच आठवलं. "पर इसको तो दिवाली में अंकल ने ही दवाई दी थी." शेजारच्या ब्लॉकमध्ये तेच, खाली तेच. सगळ्यांना अंकलनी दिलं होतं. बाबांना वाचवू शकेल असं एकेक माणूस बाबांनी आपल्या हाताने बाद करून ठेवलं होतं. जिन्यात उभी राहून मी रागाने रडले. मग राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. ते आता जाणार, असं मला पहिल्यांदा स्पष्ट वाटलं.

आई स्वयंपाकघरात दूध कोमट करत होती. मी म्हटलं, "कुणीच नाही, आई. तूसुद्धा नाही. खोकल्यावर तुला पूर्ण कोर्स दिला होता त्यांनी."

तिने गॅस बंद केला. "मी चालेन," ती म्हणाली.

"अगं, सांगतेय ना..."

"मी कधी गिळल्याच नाहीत." ती दुधाकडे बघत होती. "गालात ठेवायचे. ते वळले की पदरात, आणि मग संडासात. लग्न झाल्यापासून."

लग्नाला मोप वर्षं झाली होती. मी विचारलं, मग सरळ ‘नाही’ का म्हणत नव्हतीस? ती म्हणाली, "त्यांची धाकटी बहीण तापाने गेली. खेडं होतं, औषध पोचेपर्यंत पोर संपलं. हे तिच्या उशाशी बसलेले, स्वतःही पोरच. मला खोकला आला की त्यांचा चेहरा तसा होतो. मी गोळी घेतली की त्यांना झोप लागते. म्हणून घ्यायचे." मग तिने दुधात विरजण घातलं, झाकण ठेवलं आणि मला म्हणाली, "त्यांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांना वाटेल, मी जन्मभर फसवलं."

डॉक्टरबाईंना वय थोडं जास्त वाटलं, पण दुसरं कुणी नव्हतं आणि आईची तब्येत ठणठणीत होती. गोळ्या संडासात टाकल्याचं ऐकून त्या म्हणाल्या, "तेही बरोबर नाही हं, नाल्यातले जिवाणू त्याने निर्ढावतात." आईने शाळकरी मुलीसारखी मान खाली घातली. मग तिचं रक्त घेतलं, विष्ठा घेतली, आणि डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. गोळ्या न खाताही माणसाच्या पोटात औषधांना न जुमानणारे जिवाणू सापडतात. पाण्यातून येतात, भाजीतून येतात, कोंबडीतून येतात. आपल्या शहरात तर सर्रास. तसं निघालं तर आई बाद. आणि बाबांचा संसर्ग तिला झाला तरी बाद.

त्या दिवसांइतकी भीती मी आयुष्यात घेतलेली नाही. सरोजिनी नगरच्या बाजारातून पालक आणताना मला त्याच्यावर शिंपडलेलं पाणी दिसायचं आणि मी पेंडी परत ठेवायचे. नाल्याजवळून ऑटो गेली की श्वास धरायचे. ज्या शहरात मी वाढले, त्याचा कण न् कण माझ्या आईच्या पोटात शिरून बसलाय असं वाटायचं. मी तिला बाबांच्या खोलीत पाय ठेवायची बंदी केली. ती वरच्या मावशींचा संडास वापरायची, वेगळ्या ताटात जेवायची. बाबांचं सगळं मी करायचे.

एक दिवस दुपारी त्यांच्या चादरीचा बोळा बादलीत टाकत होते, तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुझ्या आईला माझी किळस येते का गं?"

मी म्हटलं, "काहीतरीच काय बाबा, इन्फेक्शन आहे म्हणून." दाराबाहेर आई उभी होती. तिने ऐकलं होतं. तिने पदर तोंडात कोंबला आणि आत आली नाही. आत न येण्याइतकं कठीण काम तिने कधी केलं नसेल.

रिपोर्ट स्वच्छ आले. पण पुढे सहीची वेळ आली आणि बाबा अडून बसले. सलाइनची सुई टोचलेला हात त्यांनी मागे घेतला. "कुणाचं घालताय ते सांगा. त्याशिवाय सही नाही."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं. आई मास्क लावून दारात उभी होती, तिथूनच म्हणाली, "माझं."

"तू कशी चालशील?" बाबांच्या आवाजात एकदम जुना अधिकार आला. "तुला कोर्स दिलाय मी. तू बाद. डॉक्टरसाब, हिला नियम माहीत नाही."

"अहो, मी गिळला नाही तो. कधीच नाही."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. ते ओरडतील, तोंड फिरवतील, सही करणार नाहीत, आणि मग संपलं सगळं, असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "मग खोकला कसा बरा झाला?"

"आपला आपण."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

त्यांनी पेन मागितलं, सही केली. अक्षर ओळखू येत नव्हतं. मग दाराकडे बघून म्हणाले, "म्हणून आत येत नव्हतीस होय."

गुण यायला वेळ लागला नाही, पण मला विश्वास यायला फार लागला. जुलाब थांबले तरी मी दाराला कान लावून बसायचे. बाबांनी पहिल्यांदा दहीभात मागितला तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. डबा बाबांनी स्वतः रिकामा केला. त्यातल्या गोळ्या कुठे द्यायच्या हे डॉक्टरबाईंना विचारून घेतलं आणि पिशवी मला नेऊन द्यायला लावली. बेल वाजते अजून. आता अंकल म्हणतात, "डिस्पेन्सरी जाइए," आणि लोक रुसून जातात.

पुढच्या हिवाळ्यात आईला खोकला लागला. संध्याकाळची वेळ होती, बाहेर धूर होता. बाबा खुर्चीतून उठले, कपाटापाशी गेले आणि तसेच उभे राहिले. तिथे डबा नव्हता. त्यांचे हात काय करावं ते न कळून कुडत्याशी चाळा करत होते. मी त्यांचा चेहरा पाहिला. आई म्हणायची तो चेहरा मला त्या दिवशी दिसला. एवढा म्हातारा माणूस, आणि त्याच्या डोळ्यांत त्या खेड्यातला उशाशी बसलेला पोरगा. मीही घाबरलेच होते. तिचा खोकला साधा आहे की नाही, हे मला तरी कुठे माहीत होतं? डॉक्टरबाईंचं म्हणणं होतं, ताप नाही, दम लागत नाही, तर वाट बघा. वाट बघणं कसं जमवायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

शेवटी ते स्वयंपाकघरात गेले. आल्याचा तुकडा आणि गुळाचा खडा बशीत घेऊन आले, दुसऱ्या हातात कोमट पाण्याचा पेला. आईसमोर उभे राहिले, नेहमीसारखेच.

आईने हात पुढे केला. आलं-गूळ तोंडात टाकला, नीट चावला, गिळला, वर पाणी प्यायली. बाबा "बघू" म्हणाले नाहीत. तरी तिने त्यांच्याकडे बघून आपणहून तोंड उघडून दाखवलं.