गुलाबी पुंगळ्या

माझी बायको अजूनही म्हणते की एका मशीनवरून मी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. मशीनवरून मी काहीच मनाला लावून घेतलेलं नाही. मशीन उत्तम होतं. मीच निवडलं होतं.

इथे आखातात, अस्कर गावाच्या पुढे, वस्ती संपते तिथे आमचा नेमबाजीचा क्लब आहे. मी तिथे वर्कशॉपला. सभासद गोळ्या झाडतात, रिकाम्या पितळी पुंगळ्या खाली पडतात. त्या गोळा करायच्या, धुवायच्या, एकेक तपासायची आणि पुन्हा भरायला पुढच्या टेबलावर द्यायची, हे माझं काम. जुनं मशीन म्हणजे एक थरथरणारं टोपलं. त्यात अक्रोडाच्या कवचांचा चुरा घालून पुंगळ्या हलवायच्या. धूळ इतकी की घरी येऊन नाक शिंकरलं तर रुमाल काळा. त्या धुळीत शिसं असतं हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त ते आमच्या नाकात जात होतं, साहेबांच्या नाही. म्हणून पाण्यावर चालणारा, बंद झाकणाचा, गोल फिरणारा टंबलर घ्या, असा धोशा मी मॅनेजरसाहेबांच्या मागे लावला. साहेब इथलेच, अरब, पण हिंदी आपल्यापेक्षा फर्डं. शेवटी कंटाळून म्हणाले, "तुम पसंद करो, चलाके दिखाओ. चला तो नया कमरा तुम्हारा. नहीं चला तो खलास, पुराना ही ठीक है."

नवी खोली! स्वतंत्र, खिडकीची, एसीची. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच काहीतरी माझं मिळणार होतं.

मग मी टंबलर शोधायला लागलो. जुफैरमधला एक गोरा सभासद देश सोडून चालला होता, तो त्याचं अमेरिकन मशीन द्यायला तयार होता. पण ते एकशेदहा व्होल्टचं. इथल्या विजेवर लावायचं तर आधी ट्रान्सफॉर्मर बसवा, आणि ऑगस्टात एसी बंद पडला की मशीनआधी तोच तापणार. नको म्हटलं. दुसरं पाहिलं ते आतून गुळगुळीत आणि गोल. पुंगळ्या त्यात नुसत्या घसरगुंडी खेळतात, एकमेकींवर पडत नाहीत, मग मळ निघणार कसा? तिसरं मात्र बघताक्षणी पटलं. सहा बाजूंचा ड्रम, आतून जाड रबर, झाकणाला रबरी कडं, मोटर ड्रमपासून लांब. सोबत बारीक स्टीलच्या पिना, त्या पुंगळीच्या आत शिरून कोपरे खरवडतात. मनामातल्या व्यापाऱ्याने ते चालवून बघायला दिलं. रोज घरी तोच विषय. बायको म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढी चौकशी केली नव्हतीत."

पाण्याचाही प्रश्न होता. इथल्या नळाच्या पाण्याने पितळेवर पांढरे डाग पडतात, म्हणून मी पिण्याचं गोडं पाणी वापरायचं ठरवलं. त्यात थेंबभर भांड्यांचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व, बस्स. आंबट जास्त झालं किंवा वेळ जास्त झाला, तर पितळेतलं जस्त सुटतं आणि तांबं वर येतं. पुंगळी गुलाबी दिसायला लागते. अशी पुंगळी कमकुवत असते, ती पुन्हा भरली तर बंदुकीत फाटू शकते, आणि बंदूक कोणाच्या तरी गालाला टेकलेली असते. हे सगळं मी माझ्या मेहुण्याला बसवून समजावलं होतं.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, देवरुखकडचा. त्याला मीच आणला. माझ्या शब्दावर त्याला व्हिसा मिळाला, माझ्याच हाताखाली तो लागला आणि त्याचं प्रोबेशन चालू होतं. हाताला चपळ होता, गोड बोलायचा. मी त्याला डोक्यावर बसवला होता असं म्हटलं तरी चालेल.

साहेबांना दाखवायच्या आदल्या दिवशी मला विमानतळावर कस्टममधून कागदी निशाणे सोडवायला पाठवलं. मी त्याला सांगून गेलो, "चिमूटभर घाल, तासाभरात काढ." परत आलो तेव्हा उन्हं कलली होती आणि ड्रम फिरतच होता. उघडला. आत फुगलेली आमसुलं तरंगत होती आणि एकूण एक पुंगळी गुलाबी.

"भावोजी, आई समया आमसुलानंच घासते ना," तो म्हणाला. "म्हटलं, अशा लखलखतील की साहेब बघतच राहतील. ताईकडून मागून आणली सकाळी."

मला ओरडवेना. दापोलीपासून राजापूरपर्यंत घरोघरी तांब्यापितळेची भांडी आमसुलानंच घासतात, मीही लहानपणी घासलीत. पण आई घासते आणि लगेच धुते. ती समई अर्धा दिवस आमसुलात फिरवत ठेवत नाही. "उद्या बघू," एवढंच मी म्हणालो आणि माहूजला घरी जाईपर्यंत गाडीत ठरवून टाकलं. साहेबांना सांगायचं, माझं प्रमाण चुकलं, दोन दिवस द्या, नव्या पुंगळ्या धुऊन दाखवतो. पोराचं नाव घ्यायचं नाही. हे मी कोणाला बोललो नाही. बोलण्यासारखं त्यात काय होतं?

सकाळी साहेबांनी एक पुंगळी उजेडात धरली. "ये क्या है?"

मी तोंड उघडणार तोच मेहुणा म्हणाला, "सर, इन्होंने ही बोला था, इमली जैसा एक खट्टा होता है हमारे गाँव का, वो डालो. मैंने मना किया था."

मैंने मना किया था! माझी सगळी शिकवणी त्याने माझ्यासमोर स्वतःच्या नावावर लावली. आंबट जास्त झालं की जस्त कसं सुटतं, पुंगळी कशी फाटते, सगळं घडाघडा सांगितलं, अगदी माझ्या शब्दांत. परक्या माणसासमोर बायकोच्या भावाला खोटारडा कसं म्हणायचं? त्याने केसाने गळा कापला आणि मी मान हलवूही शकलो नाही.

साहेबांनी आधी मला आणि मग ड्रमला न्याहाळलं. "मशीन ठीक है," ते म्हणाले. "आदमी गलत है."

खोली मेहुण्याला मिळाली. मला पुढच्या काउंटरवर बसवलं, सभासदांना कानावर लावायचे मफ द्यायला आणि परत घ्यायला.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, पोळी वाढत राहिली, म्हणाली, "लहान आहे तो. घाबरला असेल. जाऊ द्या." मला तिचीच दया आली. इकडे नवरा, तिकडे भाऊ, हिने करायचं काय? कितीतरी दिवस मीच तिची समजूत काढत होतो, की तू वाईट वाटून घेऊ नकोस, यात तुझा काय दोष.

मग एका शुक्रवारी तिने त्याला जेवायला बोलावलं. मी म्हटलं, त्याच्याबरोबर बसून माझ्या घशाखाली घास उतरणार नाही. आमची मुलगी सोफ्यावर मोबाइल बघत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत. ती मान वर न करता म्हणाली, "बट बाबा, यू न्यू, राइट? मामा कॉल्ड आई दॅट नाइट. ही वॉज क्राइंग. आई टोल्ड हिम, से बाबा टोल्ड यू टू डू इट. आय थॉट यू ऑल डिसाइडेड इट टुगेदर."

मी स्वयंपाकघरात गेलो. बायको आमटीला फोडणी देत होती. मी विचारलं, हे खरं का? तिने नाकारलं नाही, गॅस बारीक केला.

"त्याचं प्रोबेशन होतं," ती म्हणाली. "त्याला काढला असता, व्हिसा गेला असता. तुम्हाला इतक्या वर्षांनी कोण काढतंय?"

हिशेब चोख होता. मला खरंच कोणी काढलं नाही.

"मला विचारायचं होतंस," मी म्हणालो. "मी आपणहून अंगावर घेतलं असतं. घेणारच होतो. तुम्ही दोघांनी मला नुसतं विचारायचं होतं."

तिच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, रागही नव्हता. मी काय म्हणतोय ते तिला मनापासून कळत नव्हतं.

"मग बिघडलं काय?" ती म्हणाली. "तेच तर झालं."

दारावरची बेल वाजली. पदराला हात पुसत ती उघडायला निघाली आणि जाता जाता म्हणाली, "चार ताटं मांडा."

मी तीन मांडली, गाडीची किल्ली घेतली आणि दारात चपला काढणाऱ्या मेहुण्याच्या शेजारून खाली उतरलो.