आईच्या मांडीवरचा उपदेश

हा अनुभव लिहावा की नाही, याबद्दल मन अजून डळमळतं. यात तेज दिसलं नाही, घंटा ऐकू आली नाही, स्वप्नात कुणी आलं नाही. नातवंडांना सांगितला तर ती आधी हसतात. हसू द्या. मला मात्र त्या दिवसानंतर देवाबद्दल शंका आली नाही. स्वतःबद्दल पुष्कळ आल्या.

मी रांगत होते तेव्हाच वडील नागपुरात दुसरं घर करून बसले. आई आंजी गावाजवळ मक्त्याने कसायला घेतलेल्या तुकड्यात वांगी-मिरच्या लावायची आणि टोपलं डोक्यावर घेऊन बाजार करायची. आमचा पंथ कडक. गुरुमहाराज लेकराच्या कानात नाम सांगत, त्याला उपदेश म्हणत. तो बापाच्या, नाहीतर काका-मामाच्या मांडीवर बसूनच घ्यायचा. आईला भाऊ नव्हता. मोठे काका मठाचे सेवेकरी, त्यांनी मांडी द्यायला साफ नकार दिला. उपदेश नाही त्या लेकराला पंगतीत पान नाही, आणि पुढे पंथात सोयरीकही नाही. शेजारीण म्हणायची, "सोड न वं गिरजे तो पंथ." आई म्हणायची, "काऊन सोडू? देव काय माह्या भासऱ्याच्या वाट्याले आला हाय?"

म्हणून दर उत्सवाला ती मला मांडीवर घेऊन बापांच्या ओळीत बसायची आणि काका येऊन उठवायचे. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलायचं नाही अशी रीत, म्हणून ती मलाच मोठ्याने सांगायची, "सांग वं तुह्या काकाले, मांडीले मिशा लागत नाई." लोक तोंडात पदर धरून हसायचे, पण उठावं लागायचंच. माझी भक्ती वेगळी होती. मुक्ती म्हणजे पंगतीतला शिरा, असा माझा पक्का समज. पुण्यवान दिसावं म्हणून मी डोळे मिटून बसायचे. एक डोळा वाढप्यांवर. आईच्या वाट्याची भाकरीही मीच खायचे, त्यामुळे ती काडी आणि मी भोपळा.

त्या वर्षी महाराज फार थकले होते. दोघांच्या आधाराने ओळीतून हळूहळू येत होते. मी वाढले होते, पाय सतरंजीबाहेर गेलेले. काका आले. या वेळी ओरडले नाहीत, तेच वाईट. "गिरजे, आज उठली नाई त मठाचं दार तुले बंद. पोरीलेही."

मीच कुजबुजले, "माय, ऊठ न वं. लोक पाहून राह्यले." एवढीच टिकाऊ माझी भक्ती. आईने जमिनीला हात टेकला, पण उठली नाही. चेहरा दगडासारखा. तोवर महाराज आमच्यापुढे आले.

काका म्हणाले, "महाराज, ही बाईची मांडी हाय."

महाराजांना वाकायला वेळ लागला. "मी कानात सांगतो रे," ते म्हणाले, "मांडीत नाई."

त्यांचा ऊन श्वास कानाला लागला आणि नाम आत उतरलं. तेवढा वेळ मला शिरा आठवला नाही. माझ्या आयुष्यातली ती पहिली समाधी म्हणायची.

गिरजा तसूभर हलली नाही, असं गावभर झालं. मीही ते मिरवलं. पंथातच माझं लग्न झालं, लेकरं झाली. मग एका दुपारी मिरच्यांचे देठ खुडताना आई सहज म्हणाली, "मी त उठूनच राह्यली होती वं. जीव हारला होता. पण तू एवढी जड, पायाले मुंग्या आलत्या. पायच नाई उठले."

मी हसले, मग मिरचीचा हात डोळ्याला लागला म्हणून रडले, असं तिला सांगितलं. विचारलं, "मंग माय, हे आतापर्यंत काऊन नाई सांगतलं?"

"देवाचं काम त्यानं केलं," ती म्हणाली. "मी मधात काऊन बोलू?"

तिची जिद्द खोटी नव्हती. वर्षानुवर्षं उठवलं गेल्यावर पुन्हा त्याच ओळीत जाऊन बसणं मला एकदाही जमलं नसतं. पण ती जिद्द संपली, तिने खरोखर हात टेकले, तिथून पुढचं तिचं नव्हतं. माझ्यासारख्या खादाड पोरीचं वजनसुद्धा त्याने कामी लावलं, याचं ऋण मी रोज नाम घेताना मानते. आपण आपल्या बाजूने बसावं. शक्ती सरली की तो बघतो. कधी हात देऊन उठवतो, कधी उठू देत नाही.